आबांच्या वह्या
(शाळेंतील पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



माझे वडील, आमचे आबा, भेदिक शाहीर होते. दिवसां पिकाला पाणी द्यावें, रात्रीं डफ घेऊन फडावर उभें राहावें, हा त्यांचा क्रम. शाळा दोनच इयत्ता; पण त्यांच्या हातच्या पांच वह्या घरांत होत्या. ते वारल्यावर मीं त्या पेटींत घातल्या, कुलूप लावलें, आणि बापाचा ठेवा सांभाळला म्हणून धन्यता मानली.

एके दिवशीं त्यांचा म्हातारा झीलकरी आला. "मास्तर, एक जबाब विसरलों, वही दाखवा." मीं नाहीं म्हटलें. नेलेली वही परत कोण आणतो, ही माझी शंका! म्हातारा मुकाट्यानें गेला. पावसाळ्यानंतर पेटी उघडतों तों दोन वह्यांची वाळवीनें माती केलेली. उरल्या त्यांत शब्द आहेत, चाल नाहीं. चाल त्या म्हाताऱ्याच्या गळ्यांत होती, आणि तोही त्याच सालीं गेला. हा गुन्हा माझा. वाळवीला काय बोल लावूं?

कलगीवाले शक्तीला थोर म्हणतात, तुरेवाले शिवाला. प्रतिपक्षाला जबाब आधीं कळूं नये म्हणून वही लपविण्याची रीत पडली. फड चालू होता तोंवर ती ठीक. आतां फडच मोडला, मग लपवायचें कोणापासून? पोथ्या आपल्यापासून लपविल्या म्हणून आपण दुसऱ्यांना दोष देतों, आणि आपल्या बापाची विद्या आपणच कुलुपांत घालतों, हा कोणता न्याय?

जोतीराव फुल्यांनीं 'तृतीय रत्न' नाटक 1855 सालीं लिहिलें. तें छापून निघालें 1979 सालीं. तेवढ्या काळांत किती पिढ्या त्याला मुकल्या! उलट, गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे अॅकवर्थ व शाळिग्राम यांनीं जमवून 1891 सालीं छापले, म्हणून ते आज आपल्या हातीं आहेत.

तेव्हां माझी विनंती एवढीच. ज्यांच्या घरीं अशी वही असेल त्यांनीं पानापानाचा फोटो काढावा आणि नक्कल दोन ठिकाणीं ठेवावी. चाल जाणणारें माणूस आहे तोंवर त्याचा आवाज मोबाईलवर धरावा. वही थांबेल, माणूस थांबत नाहीं. प्रत्येक कवनावर कर्त्याचें नांव घालावें. कोणी आपलें म्हणून छापील ही भीति असेल तर 1957 च्या कायद्यानें कर्त्याच्या मरणानंतर 60 वर्षें हक्क वारसांचा राहतो. शिकवायला मात्र कोणाला नाहीं म्हणूं नये.

उरलेल्या तीन वह्यांची नक्कल मीं आज शाळेच्या कपाटांत ठेवली आहे. त्याला कुलूप नाहीं. आबांचा डफही तेथेंच आहे. ज्या पोराला वाजवावासा वाटेल त्यानें तो खुशाल उचलावा. फुटला तर मढवूं. पण मुका ठेवणार नाहीं.