नवें यंत्र घरांत येण्यापूर्वीं



कारखान्यांत नवें यंत्र आणावयाचें ठरलें म्हणजे आधीं विजेचा विचार होतो. यंत्र किती भार घेणार, सध्यांच्या केबलला तो पेलेल काय, पॅनेलमध्यें जागा आहे काय, अर्थिंग कोठून घ्यावयाचें, हें सर्व कागदावर मांडलें जातें आणि मगच यंत्र दारांतून आंत येतें. भोसरी, पिंपरी, चाकण येथील कामगारांस ही रीत नित्याची आहे. परंतु तोच कामगार किंवा अभियंता सायंकाळीं घरीं परततो आणि दुकानदाराच्या शब्दावर दीड टनाचें वातानुकूलन यंत्र किंवा पाणी तापविण्याचा हीट पंप घेऊन येतो, तेव्हां भिंतींतील तार कोणत्या सालची आहे हें विचारण्याचें त्याच्या मनांतहि येत नाहीं. कारखान्यांतील ही रीत घरांत कां व कशी आणावी, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

हीट पंप हें नांव नवें वाटलें तरी वस्तु ओळखीची आहे. आपला रेफ्रिजरेटर आंतील उष्णता उपसून बाहेर टाकतो; तो उष्णतेचा पंपच होय. पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन यांनीं १८५२ सालीं या तत्त्वानें घर उबदार करण्याची कल्पना मांडली होती. थंड देशांत आज तशीं घरें तापवितात. आपल्याकडे या पंपाचें काम मुख्यतः दोन प्रकारचें: उन्हाळ्यांत खोली थंड करणें आणि स्नानाचें पाणी तापविणें. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यावयाचें तर सुमारें ३.५ युनिट उष्णता लागते. साधा गीझर निदान तेवढी वीज खातो. पंप हवेंतील उष्णता उपसून घेत असल्यामुळें चांगल्या स्थितींत सुमारें सव्वा युनिटांत तें काम उरकतो. मग भार कमीच होत असतां बोर्ड बदलण्याची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील.

याचें उत्तर असें कीं, पंप घरांत एकटा नसतो. त्याच्याकडून पाणी सावकाश तापतें, म्हणून पाहुण्यांच्या सोयीसाठीं जुना गीझर पुष्कळदां भिंतीवर तसाच राहतो. शिवाय पंप तास-दोन तास सलग चालतो, आणि तारेचा सैल सांधा अशा सलग भारानेंच अधिक तापतो. आतां बेरीज करून पाहा. गीझर २००० वॅट, वातानुकूलन १५०० वॅट, विजेची इंडक्शन चूल २००० वॅट, इस्त्री १००० वॅट, मिळून ६५०० वॅट झाले. त्यास २३० व्होल्टांनीं भागलें म्हणजे सुमारें २८ अँपिअर प्रवाह होतो. यांत पंप, दिवे, पंखे आणि विजेच्या स्कूटरचा चार्जर अद्याप धरलेलाच नाहीं. २००५ सालीं राज्य वीज मंडळाचें विभाजन होऊन जी महावितरण कंपनी झाली, तिच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. आपली बेरीज त्या आंकड्याशेजारीं ठेवून पाहिली, तर कित्येक घरांत ती त्याच्या दुप्पट-तिप्पट भरेल.

आपलीं घरें बांधलीं गेलीं तेव्हांचा काळच निराळा होता. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्यें स्थापन झाला. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्यें आलें. त्या पिढीच्या घरांना चार दिवे, दोन पंखे, एक रेडिओ व एक इस्त्री एवढें पुरे होतें. पाणी तांब्याच्या बंबांत तापे. अशा कित्येक घरांत बारीक तारा आहेत, कांहीं ठिकाणीं त्या अॅल्युमिनियमच्या आहेत. आणि विजेचा नियम कठोर आहे: त्याच तारेंतून प्रवाह दुप्पट नेला कीं तीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. अॅल्युमिनियम व तांबें यांचा साधा पीळ दिलेला सांधा कालांतरानें सैल पडतो, त्यावर गंज चढतो आणि तेथेंच तार प्रथम जळते. स्विचबोर्ड हाताला कोमट लागणें, प्लगाभोंवतीं पिवळसर डाग पडणें, जळकट वास येणें, या त्याच्या सूचना होत.

अशा वेळीं फ्यूज वारंवार उडूं लागतो, आणि घरांतील कोणी तरी त्यांत जाड तार घालून मोकळा होतो. फ्यूज उडणें थांबतें. पण आतां सर्वांत नाजूक जागा भिंतीच्या आंत, आपल्या दृष्टीआड गेलेली असते. नव्या पद्धतीच्या एम्. सी. बी. खटक्याबाबतहि हीच चूक होते. खटका पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागीं ३२ चा बसवितात. खटक्याचा आंकडा तारेच्या जाडीवरून ठरला पाहिजे. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर तारेस १६ अँपिअर आणि ४ चौरस मिलिमीटर तारेस २० अँपिअर, हा सावधपणाचा हिशेब आहे. पंप, वातानुकूलन व गीझर यांना प्रत्येकीं बोर्डापासून स्वतंत्र तार व स्वतंत्र खटका असावा. मोटर सुरू होतांना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून तिच्यासाठीं ‘सी’ जातीचा खटका घेतात.

एम्. सी. बी. तारेचें रक्षण करते, माणसाचें करीत नाहीं, ही गोष्ट सुशिक्षित घरांतहि फारशी माहीत नसते. छातींतून सुमारें १०० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी हृदयाची गति बंद पडूं शकते. २० अँपिअरचा खटका म्हणजे २०,००० मिलिअँपिअरचा. माणूस प्राणास मुकेल, खटक्यास पत्ताहि लागणार नाहीं. त्याकरितां ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारी आर्. सी. सी. बी. निराळी बसवावी लागते. न्हाणीघरांत ओल्या अंगानें गीझरच्या नळाला हात लावणाऱ्या मुलाचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. तिच्यावरील ‘टेस्ट’चें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें.

तिच्या जोडीला खरें अर्थिंग हवें. पूर्वीं पुष्कळ घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधून देत. पुढें नळ गंजले, त्यांच्या जागीं प्लॅस्टिकचे आले, आणि अर्थिंग गेलें. घरांतल्यांना मात्र तें कळलें नाहीं, कारण दिवे पूर्वीप्रमाणेंच लागत राहिले. शिवाय आपल्या भागांत थोड्याच मातीखालीं मुरूम व काळा कातळ लागतो. चैत्र-वैशाखांत जमीन कोरडी पडली म्हणजे अर्थिंगचा खड्डा निकामी होऊं लागतो, आणि वातानुकूलनाचा भार नेमका त्याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून हें माप उन्हाळ्यांत उपकरण लावून घ्यावें.

सदनिकेंत राहणारांनीं आणखी एक लक्षांत ठेवावें. घरांतील पेटी नवी केली, पण तळमजल्यावरील मीटरखोलींतून वर येणारी मुख्य केबल जुनीच राहिली, तर काम अर्धेंच झालें. एका जिन्यावरील आठ-दहा कुटुंबांनीं एकाच उन्हाळ्यांत नवीं यंत्रें घेतलीं, तर इमारतीच्या मुख्य जोडणीवरहि ताण येतो. म्हणून हा विषय सोसायटीच्या सभेपुढें ठेवावा.

क्रम असा असावा. प्रथम सर्व उपकरणांच्या पाटीवरील वॅट लिहून बेरीज करावी. मग परवानाधारक विद्युत् कंत्राटदाराकडून तारा, सांधे, न्यूट्रल व अर्थिंग तपासून घ्यावें. त्यानंतर महावितरणकडे भार वाढवून मागावा. एका फेजनें भागत नसेल तर तीन फेज घ्यावे. मग बोर्ड व तारा बदलाव्या, आणि शेवटीं यंत्र आणावें. उलट क्रमानें गेलें तर एकदां रंगविलेली भिंत पुनः फोडावी लागते आणि मधले महिने घर धोक्यांत राहतें. खर्च थोडा नाहीं, हें मान्य आहे. परंतु यंत्राच्या किंमतीचा अंदाज करतांना तो वेगळा न धरतां तींतच धरावा. ज्याला दोन्ही झेपत नसतील त्यानें यंत्र पुढच्या वर्षावर टाकावें आणि बोर्ड व अर्थिंग यंदा करून घ्यावें.