जंगम की स्थावर? शेतात उभ्या केलेल्या बसमधलं राहणं

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. सरकारी आयटीआयमध्ये मुलांना वेल्डिंग, फिटिंग शिकवणारा माणूस. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि नोकरीला लागलो, एवढंच माझं शिक्षण. पण आमच्या शेतात बस उभी केली आहे आणि आम्ही तिच्यात राहतो, ही गोष्ट मंडळात पसरली. प्रत्येक जण वेगळं विचारायला लागला. कुणी विचारतं किती खर्च आला, कुणी विचारतं उकडत नाही का, आणि वयस्कर मंडळी विचारतात, "अरे, पण घर का नाही बांधलंस?" चिटणीसांनी सांगितलं, सगळ्यांना एकदमच उत्तर दे. म्हणून उभा आहे.

वयस्कर मंडळींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. साडेतीन एकर जमीन, थोडी भाताची, बाकी काजू आणि माळ. उताऱ्यावर आजही माझे दिवंगत वडील आणि दोन काका अशी तिघांची नावं एकत्र आहेत, वाटणी झालेली नाही. गावातलं घर मातीच्या भिंतींचं होतं. २०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस इथल्या कुणाला सांगायला नको. त्या पावसात आमच्या घराची मागची भिंत बसली आणि पाठोपाठ माडीही आली. सुदैवाने आत कोणी नव्हतं.

घर पडलं आणि गावाला जाणं थांबलं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, म्हणजे तो पाहुण्यासारखा फेरा झाला. आमच्या घरचा गणपती त्या माडीखाली बसायचा, तो बेळगावच्या फ्लॅटमध्ये आला. एक चुलतभाऊ पुण्याला, एक मडगावला. दोन वर्षांत जमीन विकायचा विषय दोनदा निघाला. न राहिलेल्या जमिनीचं असंच होतं. आधी माणसं जायची थांबतात, मग बांध सरकतो, मग एक दिवस कुणीतरी भाव विचारतं.

मी म्हटलं, दोन खोल्या बांधतो. त्यावर मोठे दादा, म्हणजे पुण्याचे चुलतभाऊ, शांतपणे म्हणाले, "बांध की. पण पाया घातलास, की तो तुकडा तुझा झाला. उद्या वाटणीला बसलो तर तुझं घर सोडूनच रेघ मारावी लागणार." त्यांचं म्हणणं मला पटलं. सामाईक जमिनीत भिंत बांधणं म्हणजे न बोलता वाटणी करणं. आणि वाटणी होईपर्यंत थांबायचं, तर आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

म्हणून बस. पाया नाही, भिंत नाही. उद्या वाटणीत ती जागा दुसऱ्याकडे गेली, तर क्रेन बोलावून उचलायची. तिन्ही घरांनी एका कागदावर सह्या केल्या, की या बसमुळे कुणाचाही हक्क वाढत नाही आणि कमीही होत नाही. तो कागद बसच्या किमतीपेक्षा मोलाचा आहे. सामाईक जमिनीत कुणाला असं काही करायचं असेल, तर आधी कागद करा, मग गाडी शोधा.

आता खर्च. बस स्वस्तात पडते, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मोडीतल्या गाडीचा भाव तिच्या वजनावर ठरतो. इंजिन आणि गिअरबॉक्स काढलेली, कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी खासगी बस मी २०२२ च्या सुरुवातीला भंगारवाल्याकडून घेतली. साडेसहा टन भरली, दोन लाख आठ हजार पडले. क्रेन आणि लो-बेड ट्रेलरचे अडतीस हजार. आतलं काम, वरचं छप्पर, संडास-न्हाणी, सोलर मिळून दोन लाख साठ हजार. वेल्डिंग आणि वायरिंग मी स्वतः केलं, त्याची मजुरी यात धरलेली नाही. म्हणजे पाच लाखांच्या वर गेलं, आणि जागा मिळाली किती? आतून एकतीस फूट लांब, साडेसात फूट रुंद, साधारण २३० चौरस फूट. तेवढ्या पैशात चिऱ्याच्या दोन लहान खोल्या होतात. तेव्हा केवळ पैसे वाचवायला हा उद्योग करू नका. आम्हाला पाया नको होता, म्हणून आम्ही बस घेतली.

कागदपत्रांबद्दल नीट सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांच्या आत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला तसं कळवायचं असतं आणि आरसी जमा करायची असते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी कागदावर जिवंत राहिली, तर कराचा तगादाही जिवंत राहतो. दुसरं, पूर्वी एसटीच्या जुन्या गाड्या लिलावात मिळायच्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्याव्या लागतात. त्यामुळे आता शोध घ्यायचा तो शाळांच्या आणि कंपन्यांच्या गाड्यांचा.

तिसरी गोष्ट जमिनीची. चाकं आहेत म्हणून जमिनीचा कायदा लागू नाही, असं समजून चालू नये. कर्नाटकात १९६४ च्या जमीन महसूल कायद्याचं कलम ९५ आहे. शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायची, तर सहसा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आम्ही तिथे शेती करतो आणि शेतीसाठीच राहतो. पण तीच बस पर्यटकांना भाड्याने दिली, तर तो धंदा होतो आणि त्याचे नियम वेगळे. आपापल्या तलाठ्याला आधी विचारून घ्या.

आम्हा सरकारी नोकरांना दरवर्षी मालमत्तेचं विवरणपत्र भरावं लागतं. तिथे एक गंमत झाली. स्थावर मालमत्तेचा रकाना वेगळा, जंगम मालमत्तेचा वेगळा. आमच्या हेडक्लार्कनी विचारलं, "सर, ही कुठल्या रकान्यात?" गाडी म्हणावी, तर तिला इंजिन नाही आणि नोंदणी नाही. घर म्हणावं, तर पाया नाही. शेवटी जंगममध्ये लिहिलं आणि शेरा मारला, "नोंदणी रद्द वाहनाचा सांगाडा, शेतात ठेवलेला."

आता तांत्रिक बाजू, थोडक्यात. आपल्याकडचा पाऊस धरून चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, बस टायरवर उभी ठेवू नये. टायर उन्हाने फुटतात, हवा जाते आणि बस एका बाजूला कलते. आम्ही जांभ्या चिऱ्यांचे सहा ठोकळे रचले. त्यांवर लाकडी स्लीपर आणि लोखंडी प्लेट ठेवून चॅसिसच्या दोन मुख्य बीमांखाली आधार दिला. आधार चॅसिसलाच द्यायचा, बॉडीच्या पत्र्याला नाही. पाण्याच्या नळीने लेव्हल काढली आणि दाराच्या बाजूला अगदी किंचित उतार ठेवला.

दुसरी, छप्पर. बसचा टप म्हणजे पत्रा. एप्रिलमध्ये तवा आणि जुलैमध्ये ताशा. म्हणून टपाच्या वर दीड फूट अंतर सोडून जीआय पाइपवर दुसरं पत्र्याचं छप्पर केलं, दोन्ही बाजूंना चार-चार फूट पुढे आलेलं. मधून वारा जातो, ऊन टपाला लागत नाही आणि पाऊस खिडक्यांच्या रबरापर्यंत पोचत नाही. सगळे जोड बोल्टचे आहेत, उद्या सोडवता येतील असे. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांमध्ये ग्लासवूल भरलं. तळाला दरवर्षी मृगाच्या आधी रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग मारतो. एक वर्ष जरी चुकवलं तरी गंज खालून वर चढत जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, वीज. घराच्या भिंतीतून वीज सहसा वाहत नाही, पण बसची अख्खी बॉडी वीज वाहून नेते. टायरवर किंवा लाकडावर उभी असल्यामुळे तिचा जमिनीशी नीट संबंध नसतो. आत कुठे वायर सोलली आणि बॉडीला लागली, तर फ्यूजही उडत नाही आणि दिवाही जात नाही. सगळं ठीक दिसतं, आणि जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस दाराच्या दांडीला हात लावतो. म्हणून बॉडीला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, या दोन गोष्टींशिवाय आत एक दिवासुद्धा लावू नये. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं.

चौथी, आग. गॅसचा सिलिंडर बाहेर. आणि मागचा संकटकालीन दरवाजा फर्निचरने बुजवायचा नाही. तिथे कपाट छान बसतं हे खरं, पण साडेसात फुटी डब्यात एकच दार म्हणजे सापळा.

संडास-न्हाणी बाहेर आहे, दोन शोषखड्डे विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला. आईसाठी दारापुढे चिऱ्यांचा ओटा आणि तीन पायऱ्या केल्या, कारण बसची पायरी म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी केलेली नसते.

उणिवाही सांगायला हव्यात. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाताना एकाला आडवं व्हावं लागतं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तांदूळ आत ठेवला तर कुंद वास येतो. चार माणसांचा संसार बारा महिने तिथे होणार नाही. आई वर्षातले पाच-सहा महिने राहते, सोबतीला गावातली एक बाई येते, आणि आम्ही शनिवार-रविवारी जातो. तेवढ्यासाठी ती पुरते.

जुनी बस दुसऱ्या कामाला लावणं आपल्या देशात नवीन नाही. पुण्यात जुन्या बसची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं झाली. केरळ एसटीने २०२० मध्ये मुन्नारच्या डेपोत जुन्या बसमध्ये पर्यटकांच्या झोपण्याची सोय केली, शंभर रुपयांत एक जागा. इंजिन थकलं तरी सांगाड्यात बरंच आयुष्य शिल्लक असतं.

आता गणपतीचं सांगतो. पहिल्याच वर्षी घरात प्रश्न आला. गणपती बसमध्ये बसवायचा का? काकूंना पटेना. त्या म्हणाल्या, "लोक चपला घालून चढायची ती गाडी, तिथे देव कसा बसवायचा?" भटजींना विचारलं. ते म्हणाले, जागा स्वच्छ करा, मनात किंतू ठेवू नका. तरी काकू घुटमळत होत्या. तेव्हा आई म्हणाली, "अगं, ड्रायव्हरच्या समोर काचेपाशी गणपती असतोच की. या गाडीत तो आपल्या आधीपासून आहे." आणि खरंच, ड्रायव्हरच्या जागेच्या वर एक छोटा कोनाडा होता, कुंकवाचे डाग असलेला. आम्ही तो तसाच ठेवलाय. गणपती त्याच्या खाली, इंजिनाच्या बॉनेटवर केलेल्या चौरंगावर बसतो.

त्या वर्षी तिन्ही घरची मिळून सतरा माणसं आली. आत मावेनात, म्हणून आरतीला निम्मी छपराखाली उभी राहिली. पुण्याच्या दादांच्या मुलीने पहिल्यांदाच आजोबांचं शेत पायी फिरून पाहिलं. तेव्हापासून दरवर्षी येतात. दिवाळीनंतर भातकापणीलाही मडगावचा भाऊ दोन दिवस राहून जातो.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. वाटणी अजून झालेली नाही, व्हायला हवी, आणि ती होताना आवाजही चढतील. बस तो प्रश्न सोडवत नाही. पण जमीन विकायचा विषय २०२२ नंतर निघालेला नाही, एवढं खरं. भांडायचं तर शेतात बसून भांडू, फोनवर नको, असं आता तिन्ही घरांना वाटतं.

आपण सगळे इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोक. प्रत्येकाचं कुठेतरी एक गाव आहे, एक पडकं घर आहे, उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे. सगळ्यांनी बसच घ्यावी असं मी सांगत नाही. कुणाला पत्र्याची शेड पुरेल, कुणाला गावातली भाड्याची खोली पुरेल. पण तिथे रात्रीचा मुक्काम होईल अशी काहीतरी सोय करा. दिवसा जाऊन आलं तर जमीन दिसते, रात्री राहिलं तरच तिथे आपलं कुणी आहे हे गावाला कळतं आणि आपल्या मुलांनाही कळतं.

कुणाला बस बघायची असेल तर अवश्य या, मापं घ्या. वायरिंगचा नकाशा मी कागदावर काढून देईन. फक्त येताना टॉर्च आणा. आमच्याकडे सोलर आहे, पण श्रावणात त्याचा भरवसा नाही.

 गणपती बाप्पा मोरया!