तर्रीचा लाल, सोलकढीचा गुलाबी



गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर भाजीचा पिवळा डाग पडला नाही, असा विद्यार्थी सापडणं कठीण. घरी त्यावर साबण घासला की डाग जायच्या ऐवजी एकदम लाल होतो. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, अल्कलीत लालसर होतं, आणि कपड्याचा साबण अल्कधर्मी असतो. त्याच डागावर लिंबू पिळलं तर तो पुन्हा पिवळा. शर्ट कडक उन्हात वाळत घातला की डाग फिकट होत जातो, कारण कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. देव्हाऱ्यातलं पारंपरिक कुंकूही हळदीचंच. चुना किंवा टाकणखार लावून पिवळ्याचं लाल करण्याची ही कला कारागिरांना रसायनशास्त्राच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून अवगत होती.

रंग पाण्यात उतरतो की तेलात, यावरही स्वयंपाकातलं बरंच काही ठरतं. मिसळीच्या वाटीत लाल तर्री वर तरंगते. मिरचीतलं कॅप्सँथिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही; म्हणून फोडणीचं तेल लाल होतं आणि खालचा रस्सा त्या मानाने फिका राहतो. कोकमाचं उलटं. आमसुलं पाण्यात टाकली की थोड्याच वेळात पाणी गडद लाल होतं आणि नारळाच्या दुधात मिसळलं की सोलकढी गुलाबी. हे अँथोसायनिन. कोकमाच्या मूळच्या आंबटपणामुळे ते लाल राहतं. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर ती छटा पार बदलून जाते.

आता लाल माठ. त्याच्या भाजीचं पाणीही असंच लाल, पण त्या रंगाचं कोकमाशी काहीच नातं नाही! माठ, बीट, बोगनवेल यांच्यात बीटालेन नावाची वेगळीच द्रव्यं असतात, आणि बीटालेन व अँथोसायनिन एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत. निसर्गाने लाल रंग दोन निरनिराळ्या वाटांनी घडवला, ही गोष्ट विलक्षणच म्हणायची.

झाडाला या रंगांचं काय काम? पिकलेलं लाल फळ पाखरांना, माकडांना बोलावतं आणि बी दूर जाते. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते. तिच्यातलं अँथोसायनिन नाजूक पानाला प्रखर उन्हापासून जपतं, असं मानलं जातं. हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडून अन्न तयार करतं, हे शाळेत शिकवतातच. पण त्याच्या शेजारीच पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड्स राबत असतात. ती काही प्रकाश टिपून हरितद्रव्याला देतात आणि ऊन जास्त झालं की जादा ऊर्जा निमूट जिरवतात. त्यांपैकी बीटा-कॅरोटिनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. म्हणजे पालकातही गाजराचा हाच रंग आहे, फक्त हिरव्याखाली झाकलेला. तो तेलात विरघळणारा असल्याने पालेभाजीला तेलाची फोडणी हवीच.

हा झाकलेला रंग वेगळा काढून दाखवला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने, वॉर्सात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. काचेच्या नळीत त्याने खडूची बारीक पूड ठासली आणि वरून पानांचा अर्क ओतला. द्रावक खाली झिरपत गेलं तसे हिरवे, पिवळे पट्टे एकमेकांपासून सुटे झाले. 1906 साली त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंग! आज औषधांच्या आणि अन्नाच्या तपासणीत याच पद्धतीची पुढची रूपं रोज वापरली जातात.

शाळेतही खडू असतो, आवारात झाडं असतात. उद्या विज्ञानाच्या तासाला बाईंच्या देखरेखीखाली चार हिरवी पानं खलून थोड्या स्पिरिटमध्ये भिजवावीत, त्यात पांढरा खडू उभा करावा आणि त्यावर चढत जाणाऱ्या हिरव्याच्या पुढे पिवळी कड दिसते का, ते पाहावं.