दोनशे किलोंची गाडी आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी आहारावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर, कोणी बचतीवर. यंदा मला दोन शब्द बोलावयास सांगितले आणि विषयही मीच निवडावा अशी मोकळीक दिली. मी विषय सांगितला तेव्हा कार्यकारिणीत हशा पिकला. ‘मोटारसायकल डबल स्टँडवर कशी घ्यावी’ हा का महिला मंडळात बोलण्याचा विषय आहे? पण हसून झाल्यावर एकजण हळूच म्हणाली, “बोला बाई, मला रोज कोणाला तरी हाक मारावी लागते.” मग दुसरीनेही तेच सांगितले. तेव्हा विषय पक्का झाला.

आपले चारकोप कसे वसले ते जुन्या बायकांना ठाऊक आहेच. नव्या सुनांसाठी थोडक्यात सांगते. 1985 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्या योजनेत म्हाडाने इथे खाडीच्या बाजूला लहान लहान भूखंड आखून दिले. सुमारे पस्तीस घरांचा एक गट, त्यांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आणि मध्ये सर्वांचा मिळून एक चौक, अशी ती रचना. घरे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधली. आखणी करणाऱ्यांनी चौक ठेवला तो मुलांनी खेळावे, बायकांनी वाळवणे घालावीत, सणवार एकत्र व्हावेत म्हणून. आज घरांवर मजले चढले आणि चौकात दुचाक्या आल्या. चौक मात्र होता तेवढाच राहिला.

आता पाहा, सकाळी घरची माणसे कांदिवलीहून लोकल पकडून कामाला जातात. त्यांच्या गाड्या पुष्कळदा चौकातच राहतात. म्हणजे दिवसभर त्या गाड्यांच्या राखणदार आपणच. गॅसचा सिलिंडर आला, गाडी आडवी. कोणाच्या घरी हळदीचा मांडव घालायचा, गाडी आडवी. आणि देव न करो, पण एखाद्या आजोबांना स्ट्रेचरवरून न्यायचे झाले, तर त्या वेळी बुलेट कोणी हलवायची? “अहो, हे घरी नाहीत,” हे उत्तर सिलिंडरवाल्याला चालते. आजाऱ्याला चालत नाही.

कोणी म्हणेल, गाडी साइड स्टँडवर लावली म्हणजे झाले. परंतु साइड स्टँडवर गाडी एका अंगाला कलते आणि जागा जास्त खाते. पावसाळ्यात जमीन भुसभुशीत झाली, पेव्हर ब्लॉक खचला, की स्टँडचे टोक आत रुतते आणि गाडी शेजारच्या गाडीवर जाते. मग एकामागून एक चार गाड्या आडव्या होतात आणि संध्याकाळी चौकात भांडण. डबल स्टँडवर गाडी सरळ उभी राहते, दोन गाड्यांच्या मधून माणूस जाऊ शकतो. पंक्चर काढायला, चेन साफ करायलाही तोच स्टँड लागतो.

आपल्या महाराष्ट्रातल्या स्त्रीच्या हाती दुचाकी कशी आली तेही जरा आठवू या. 1972 साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना निघाली. हलकी, पायडल असलेली. शिक्षिका, परिचारिका, कॉलेजच्या मुली तिच्यावर बसू लागल्या. त्या काळातल्या स्कूटरला गिअर होते आणि किक मारावी लागे. मग 1984 साली कायनेटिक होंडा आली. गिअर बदलणे गेले आणि बटण दाबले की गाडी सुरू होऊ लागली. म्हणजे यंत्र सुधारले तशा आपल्या अडचणी एकेक करून कमी झाल्या. राहता राहिला तो स्टँड. त्यावरही काही कंपन्यांनी विचार केला आहे. टीव्हीएस कंपनी आपल्या स्कूटरला कमी जोरात लागणारा स्टँड बसवते आणि जाहिरातीत तसे आवर्जून सांगते. उलट काही नव्या मोटारसायकलींना डबल स्टँड मुळी नसतोच. गाडी घरात घेताना रंगाबरोबर एवढे पाहून घ्यायला आपण सांगितले पाहिजे.

आता मूळ मुद्दा. साधी स्कूटर सुमारे एकशे पाच ते एकशे दहा किलोंची असते. बुलेटसारखी साडेतीनशे सीसीची गाडी एकशे नव्वद किलोंच्या पुढे जाते. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोंचा; म्हणजे बुलेट झाली सहा सिलिंडरांहून जड. एवढे वजन आपण उचलायचे कसे, असे मनात येते आणि आपण हात मागे घेतो.

पण मी विचारते, भरलेला सिलिंडर तरी आपण कधी उचलून नेतो का? तो जरासा कलता करून खालच्या कडीवर गोल गोल फिरवत आपण स्वयंपाकघरात नेतो. आपल्या आज्या जात्यावर पायलीचे दळण दळीत. जात्याचा खुंटा मधोमध असता तर ते दगड त्यांना फिरवता आले नसते. तो काठाशी असे म्हणून फिरे. जिथे जोर लावायचा ती जागा नेमकी असली की जोर कमी लागतो. शाळेत आपण तरफ शिकलो ती हीच.

डबल स्टँड ही तशीच तरफ आहे. त्याला डाव्या बाजूला पाय ठेवायची एक पट्टी असते. ती पट्टी दाबली की स्टँडचे दोन पाय जमिनीला टेकतात, आणि आणखी दाबले की गाडी त्या पायांवरून मागे सरकत वर येते. सगळी गाडी काही वर जात नाही. एक चाक जमिनीपासून जेमतेम बोट-दोन बोटे सुटते. त्यासाठी आपले पाऊल मात्र बरेच खाली जाते. पाऊल जास्त अंतर जाते म्हणूनच त्यावर कमी वजन पुरते. हे वजन दंडांत शोधायचे नाही. आपल्या अंगाचे जे पन्नास-पंचावन्न किलो आहेत, ते पायावर टाकायचे. वजन कमी करण्याबद्दल या व्यासपीठावर पुष्कळ व्याख्याने झाली. त्याचा उपयोग सांगणारे हे बहुधा पहिलेच असेल.

बहुतेक जणी काय करतात? वाकतात, मागची दांडी दोन्ही हातांनी धरतात आणि गाडी वर ओढू पाहतात. पाय पट्टीवर नुसता नावाला असतो. गाडी हलत नाही आणि कमरेत मात्र कळ येते. मग “हे आपले काम नव्हे” असा समज पक्का होतो.

आता रीत सांगते. नीट ध्यानात ठेवावी.

पहिले म्हणजे जागा सपाट आणि घट्ट हवी. उतारावर हा प्रयोग करू नये. पायांत ओल्या किंवा गुळगुळीत चपला नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट असावा. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्यावी. सायलेन्सर तापलेला असेल तर थोडे थांबावे आणि लहान मुलांना लांब उभे करावे.

दुसरे, हँडलचे लॉक काढावे. ते काढल्यावाचून हँडल सरळ होत नाही, म्हणून गाडीची किल्ली घरात ठेवून जाण्याची सवय घरच्या माणसांना लावावी. गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि हातातला ब्रेक दाबलेला नसावा, कारण गाडीला मागे सरकायचे असते. ब्रेक दाबून ठेवला तर पहिलवानालाही ती चढणार नाही.

तिसरे, गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहावे. साइड स्टँड खालीच असू द्यावा. हात सुटला तर गाडीला तेवढा आधार. डाव्या हाताने हँडलची डावी मूठ धरावी, उजव्या हाताने सीटखालची किंवा मागची दांडी. हँडल सरळ.

चौथे, गाडी सरळ उभी करून उजव्या पायाने पट्टी खाली दाबावी, स्टँड जमिनीला टेकेपर्यंत. आता घाई करू नये. गाडी किंचित आपल्याकडे, किंचित पलीकडे अशी अगदी थोडी हलवून पाहावी. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले की ते हाताला कळते. एकच पाय टेकलेला असताना जोर केला तर गाडी कलंडते. साऱ्या कामातली मेख इथे आहे.

पाचवे, पाठ ताठ ठेवावी आणि जिन्याची पायरी चढावी तसे अंगाचे सगळे वजन उजव्या पायावर टाकावे. डावी टाच उचलली गेली पाहिजे. उजव्या हाताने गाडीला वर आणि मागे वाट दाखवावी, ओढू नये. गाडी आपसूक मागे येऊन बसते आणि ‘खट्’ असा आवाज होतो.

खाली घेताना साइड स्टँड आधी उघडावा, दोन्ही हातांनी गाडी पुढे ढकलावी आणि चाके टेकली की पुढचा ब्रेक धरावा. आणि समजा, गाडी पडूच लागली, तर ती धरून ठेवण्याच्या फंदात पडू नये. अंग बाजूला घ्यावे. आरसा तीनशे-चारशे रुपयांत येतो, पाय येत नाही.

एवढे करूनही गाडी चढत नसेल तर दोष आपल्या पायाचा नसून गाडीचा असू शकतो. खाडीच्या वाऱ्याने आणि पावसाळ्यातल्या चिखलाने स्टँडचा सांधा गंजतो. गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी तिथे ग्रीस लावायला सांगावे. मागच्या टायरमध्ये हवा कमी असली तर गाडी बसलेली असते आणि तेवढी जास्त वर घ्यावी लागते. आणि एक युक्ती. दोन सेंटिमीटर जाडीची एक सपाट फळी घ्यावी आणि मागचे चाक तिच्यावर चढवून मग स्टँड लावावा. स्टँडचे पाय मात्र जमिनीवरच हवेत. गाडी आधीच तेवढी उंच झालेली असते म्हणून काम निम्म्यावर येते. अशी एक फळी प्रत्येक चौकात मीटरच्या खोलीत ठेवली, तर सुताराचे पन्नास-शंभर रुपये सत्कारणी लागतील.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या गरोदर आहेत, ज्यांचे नुकते ऑपरेशन झाले आहे, ज्यांना मणक्याचा किंवा हर्नियाचा त्रास आहे, किंवा अंग बाहेर येण्याचे दुखणे आहे, त्यांनी हे करू नये. हे शेवटचे दुखणे बायका लपवतात, म्हणून मुद्दाम नाव घेऊन सांगते. त्यांनी दुसरीला हाक मारावी. पहिल्या चार-पाच वेळा तर प्रत्येकीने पलीकडून गाडी धरायला कोणी तरी घ्यावेच. दोघींनी मिळून केले म्हणून कमीपणा येत नाही.

जपानमध्ये मोठ्या मोटारसायकलीचे शिक्षण देणाऱ्या शाळांत, गाडीवर बसण्याआधीच पडलेली गाडी उभी करणे, ढकलत नेणे आणि स्टँडवर घेणे शिकवतात. स्त्री असो की पुरुष, धडा एकच. आपल्याकडे चालवायला शिकवणारे पुष्कळ आहेत, पण हा धडा कोणी देत नाही. भाऊ दादाकडे पाहून शिकतो. बहिणीला “तू राहू दे, मी लावतो” असे सांगतात. ते मायेनेच सांगतात, पण त्या मायेपायी ती शिकायची राहते.

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या मुलींची छायाचित्रे आपण पाहतो. 2011 साली पुण्यात ‘बाइकर्नी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांचा गट निघाला आणि देशभर पसरला. त्या मुलींचे कौतुक आहेच. परंतु आपल्यापैकी साऱ्याजणींना बुलेटवरून लडाखला जायचे नाही. पुष्कळींना तर ती चालवायचीही नाही. आपल्याला हवी आहे ती आपल्या दारापुढची वाट मोकळी करण्याची मुभा, कोणाच्या येण्याची वाट न पाहता. गाडी हाताने ढकलून जागेवर लावायला लायसन्स लागत नाही.

आपल्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान गेले. त्यांची बुलेट चौकात दीड वर्ष धूळ खात उभी होती. बाईंना ती हलवता येईना आणि विकवेनाही. आज ती गाडी त्या दर रविवारी स्वतः पुसतात, पुढे घेतात, पुन्हा डबल स्टँडवर लावतात. चालवतो त्यांचा मुलगा. पण दर वेळी कोणाचे तरी तोंड पाहावे लागत होते, ते थांबले. त्यांना ही रीत शिकायला दोन संध्याकाळी लागल्या.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, येत्या महिन्यात प्रत्येक चौकातून निदान दोघीजणींनी हे शिकून घ्यावे आणि त्यांची नावे सूचना-फलकावर लावावीत. दिवसा अडचण आली तर कोणाचे दार वाजवायचे ते सर्वांना कळेल. चहापानानंतर बाहेर एक स्कूटर आणि एक बुलेट ठेवली आहे, फळीही आहे. प्रथम स्कूटर, मग बुलेट. ज्यांना येते त्यांनी शिकवावे, ज्यांना येत नाही त्यांनी चपला बदलून यावे.