यशवंतपूरजवळचे इलेक्ट्रॉन

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्थानकापासून जवळच भारतीय विज्ञान संस्था आहे, १९०९ साली स्थापन झालेली. इलेक्ट्रॉनांच्या अजब वागणुकीवर तिथं संशोधन चालतं.

बिस्मथसारख्या जड अणूत इलेक्ट्रॉनची गिरकी त्याच्या भ्रमणाशी घट्ट जोडली जाते. त्यामुळेच बिस्मथ सेलेनाइड आतून विद्युतरोधक, पण पृष्ठभागावर वाहक! अशा पदार्थाला टोपोलॉजिकल पदार्थ म्हणतात.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकपदरी थर; कार्बन हलका, त्यामुळे तिथं ही जोडणी नगण्य. तिथं महत्त्व इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या रेटारेटीला. प्राध्यापक अरिंदम घोष यांच्या गटानं जपानी सहकाऱ्यांसह २०२५ मध्ये दाखवलं, की अतिशुद्ध ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन एकत्रितपणे, द्रवासारखे वाहतात. उष्णता आणि वीज यांच्या वहनाचं ठरलेलं गुणोत्तर तिथं दोनशे पटींहून अधिक ढळतं. थक्क करणारा निष्कर्ष आहे हा.

इरिडियमच्या ऑक्साइडांत मात्र गिरकीची जोडणी आणि आपसातली रेटारेटी हे दोन्ही परिणाम एकत्र येतात. या विषयातलं एक अवघड कोडं तेच.