चुकलेला पत्ता

आमच्या सिंदी मेघेत पोस्टमन काका अम्मीला मामूंचं पत्र वाचून दाखवायचे. पण त्यातलं अक्षरही दुसऱ्या दारी गेलं नाही. नावाची शंका आली, तर आधी विचारायचे, मगच पत्र हाती द्यायचे.

आता पत्रं ई-मेलनं जातात. कोणी, कधी, कुठून काय पाठवलं, याची नोंद कंपन्यांकडे राहते. ती नोंदच चुकली तर? 2007 साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीनं दिलेला पत्ता चुकीचा निघाला. निरपराध माणूस 50 दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला. सुटल्यावर त्यानं कंपनीला कायदेशीर नोटीस धाडली.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मला त्याचा अर्थ एवढाच कळतो : आपली माहिती देताना कंपनीनं नीट पाहावं, घेताना पोलिसांनी पडताळावी, आणि चूक झाली तर जाब देणारं कोणी असावं.

काका चुकले असते, तर पत्र परत आलं असतं. त्या माणसाचे 50 दिवस कोण परत आणणार?