आठवड्याचा एक तास



आजचा विषय सेवाभावी क्लबांचा आहे. पण मी दानाबद्दल कमी आणि बैठकीबद्दल जास्त बोलणार आहे. रोटरी, लायन्स यांसारख्या क्लबांकडून आपल्या परंड्यासारख्या तालुक्याच्या गावानं काही घ्यायचं असेल, तर ते त्यांचा निधी नव्हे, पदग्रहणाचे समारंभ तर नव्हेतच. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसायची रोटरीची जुनी रीत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

या रीतीची सुरुवात अगदी साधी होती. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा एक वकील तीन जणांबरोबर बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक कपडे शिवणारा. पुढे आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत जमायचं ठरलं. हेतू आधी ओळखी वाढवण्याचा होता, सेवा नंतर आली. त्यांच्या सुरुवातीच्या सार्वजनिक कामांपैकी एक होतं शहरात स्वच्छतागृह बांधून घेण्याचं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणाऱ्या बायकांची कुचंबणा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाचं मोल मी सांगायला नको. भारतात रोटरी 1919 मध्ये कलकत्त्याला आली, 1929 मध्ये मुंबईला. लायन्सची स्थापना 1917 ची. तो क्लब 1956 मध्ये मुंबईत आला. आज तालुक्याच्या गावांपर्यंत ही मंडळी पोचली आहेत.

त्यांचा एक जुना नियम मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक व्यवसायातला एक माणूस घ्यायचा. परंड्यात हा नियम लावून बघा. एक डॉक्टर, एक वकील, एक अडत्या, एक कृषी सेवा केंद्र चालवणारा, एक मुख्याध्यापक, एक मेडिकलवाला, एक गवंडी. ही सगळी माणसं एकमेकांना ओळखतात, लग्नात भेटतात, मातीला भेटतात. पण गावाच्या कामासाठी शांतपणे तासभर समोरासमोर बसत नाहीत. अडत्याला माहीत असतं कुणाचं पीक गेलं. मुख्याध्यापकाला माहीत असतं कुणाचं पोर शाळेत यायचं थांबलं. डॉक्टरला माहीत असतं कुणी औषध अर्ध्यावर सोडलं. तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच घरातल्या असतात, आणि त्या एका ठिकाणी येतच नाहीत.

बैठक सकाळची असावी, न्याहारीची. संध्याकाळी जमलं की जेवणावळ होते, खर्च वाढतो, उठायची वेळ राहत नाही. सकाळी सातला पोहे, चहा. आठला उठायचं, कारण कुणाला दुकान उघडायचं असतं, कुणाचे रुग्ण ताटकळत असतात. हजेरी घ्यायची. मागच्या आठवड्यात ज्यानं काम अंगावर घेतलं, त्यानं ते झालं की नाही एवढंच सांगायचं. मग डबा फिरवायचा, ज्याला जे जमेल ते त्यानं टाकायचं. या तासाभरात सगळ्यांत महत्त्वाचा भाग असतो तो ‘झालं का?’ या प्रश्नाचा. वर्षातून एकदा भेटणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

रक्तदानाचंच घ्या. आपल्याकडे जयंती, पुण्यतिथी, वाढदिवस आला की शिबिर होतं, एका दिवसात शंभर पिशव्या गोळा होतात, फलक लागतात. रक्तदात्यांबद्दल मला आदरच आहे. पण नेहमीच्या पिशवीतलं रक्त 35 दिवस टिकतं, लाल पेशी वेगळ्या करून विशिष्ट द्रावणात ठेवल्या तर 42 दिवस, आणि प्लेटलेट जेमतेम 5 दिवस. म्हणजे जयंतीला दिलेलं रक्त दीड महिन्यानंतर अडलेल्या बाळंतिणीच्या कामी येत नाही. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं थंडावतात, आणि नातेवाईक बार्शी-सोलापूरला पिशवीसाठी फोन करत बसतात. पुरुषाला दर 90 दिवसांनी रक्त देता येतं, स्त्रीला 120 दिवसांनी. 90 दिवस म्हणजे साधारण तेरा आठवडे. गावातल्या 130 पुरुष दात्यांची यादी केली आणि तेरा आठवड्यांत वाटून दिली, तर दर आठवड्याला दहा नावं तयार राहतात. स्त्रियांची यादी वेगळी, सतरा-अठरा आठवड्यांत फिरणारी. याला मांडव लागत नाही, प्रमुख पाहुणे लागत नाहीत. एक वही लागते आणि दर रविवारी ती उघडणारा माणूस लागतो.

मोतीबिंदूच्या शिबिराचंही तसंच. म्हातारीला गाडीत बसवून नेलं, शस्त्रक्रिया झाली, काळा चष्मा लावून ती परत आली. इथवरचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण पुढे काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे असतात, तपासणीला परत जायचं असतं. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. थेंब कोण घालणार? शिबिरातल्या नावांपुढे एकेका सभासदाचं नाव लिहिलं, तर दर आठवड्याला विचारणा होते. ते नसेल तर चांगल्या शस्त्रक्रियेचंही मातेरं होऊ शकतं.

ऊसतोडीचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या तालुक्याचं वर्ष दिवाळीच्या सुमाराला मोडतं. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोयते घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, ते त्यांना लखलाभ. आपल्या कामाचं वेळापत्रक या माणसांच्या येण्याजाण्यावर बेतलं पाहिजे. वह्यावाटप जूनमध्ये होतं ते ठीकच, पण पोराच्या शाळेचा खरा कसोटीचा महिना नोव्हेंबर आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरानं काय केलं, ते या सभागृहात मी सांगायची गरज नाही. माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. त्यानंतर मदत आली, मनापासून आली. धान्याच्या, कपड्यांच्या गाड्या आल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही अशीच रीघ लागली होती. ती ओसरल्यावर काय उरतं? खरवडून गेलेलं रान, गाळानं बुजलेली विहीर, वाहून गेलेलं जनावर, आणि हातात पंचनाम्याचा कागद. बँक खात्यातलं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही, केवायसी अडतं. अशा माणसाला पहिल्या आठवड्यात धान्य लागतं आणि विसाव्या आठवड्यात अर्ज लिहून देणारा लागतो. पहिल्या आठवड्याला आपण सगळे हजर होतो. मी विसाव्या आठवड्याबद्दल कळकळीनं बोलतो आहे.

कुणी म्हणेल, ही शहरी रीत आपल्याकडे रुजायची नाही. मला ते पटत नाही. ती आपल्याकडे रुजलेली आहे, फक्त बायकांनी रुजवली आहे. बचत गटाच्या पंचसूत्रीत पहिलं सूत्र नियमित बैठक हेच आहे. बचत, कर्ज, परतफेड, हिशेबाच्या नोंदी हे सगळं त्यानंतर. भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं काम उभं केलं, तेही अशा बायकांच्या गटांवरच. रोटरीनं मात्र स्त्रियांना दार उघडायला 1989 साल उजाडू दिलं. परंड्यातल्या बैठकीत पहिल्या दिवसापासून आशाताई असाव्यात, गटाच्या अध्यक्ष असाव्यात. किल्ल्याच्या सावलीत हिंदू-मुसलमान शेजारानं राहत आले आहेत. दर्ग्याचे खादिम आणि डोमगावच्या कल्याणस्वामींच्या मठाची मंडळी एका टेबलाशी चहा घेत बसली, तर कितीतरी घरांची दारं आपोआप उघडतील.

नियमितपणाचं सर्वांत मोठं फळ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रोटरीनं 1985 मध्ये पोलिओचं काम जगभर हाती घेतलं. 2009 मध्ये भारतात पोलिओचे 741 रुग्ण होते. सरकार, आरोग्य सेविका, अंगणवाडीच्या बाई आणि हजारो स्वयंसेवक यांनी फेरीमागून फेरी केली. ज्या घरानं गेल्या खेपेला दार लावून घेतलं, तिथे पुन्हा गेले. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. एका भव्य मोहिमेनं हे झालं नसतं. परत परत जाण्यानं झालं.

2016 मध्ये रोटरीनं आठवड्याच्या बैठकीची सक्ती सैल केली. महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. माणसांना वेळ नाही, हे कारण मी समजू शकतो. पण परंड्यापुरतं माझं मत वेगळं आहे. पंधरा दिवसांनी भेटणारा माणूस थेंबांची बाटली संपल्यावर पोचतो.

म्हणून विनंती अशी. व्याख्यान संपल्यावर दाराशी एक वही ठेवलेली असेल. तिच्यात वर्गणीचा रकाना नाही. दर रविवारी सकाळी सात ते आठ येणं ज्यांना खरोखर जमेल, त्यांनीच नाव लिहावं. दहा नावं झाली तरी पुरे. पहिलं काम रक्तगटांच्या यादीचं घेऊ, आणि येत्या रविवारीच बसू.